मोटरीचा नंदी आन् माही झडती

गावातल्या पोरींनी रोबोट बनवला, असं मी म्हटलं का पुढचं तुमी मनातच लिवून टाकलं असन. दोन वेण्या, ठिगळाची बॅग, सुरवातीले गाव हसते, मंग रोबोट चालते, मंग कोनी साहेब येऊन हार घालते, आन् शेवटच्या ओळीत बापाच्या डोळ्यात पानी. हाव का नाही? तुमचा दोष नाही. मले बी तसंच लिवावं वाटलं होतं, कारन तशा गोष्टीत माह्यासारख्या पोट्ट्याले मागं उभं राहून टाळ्या वाजवायचं सोपं काम मिळते. पन आमचा रोबोट नालीत गेला. तो मीच घातला. बापाच्या डोळ्यात पानी होतं, हे खरं. पन ते फवारनीच्या औषधानं होतं आन् बारा महिने येत होतं.

आमचं गाव बाभुळगावपासून आत, यष्टी दिवसातून दोनदा. बोंडअळीनं साऱ्याले नागवलं, तीच ती वर्षं. कपाशी मानसाच्या डोक्याच्या वर गेलती आन् लोक तिच्यात घुसून औषध मारत होते. काही आपल्या पायानं बाहेर येत, काहीले उचलून आनावं लागे. मी दहावीत होतो. अभ्यासात कसा होतो ते विचारू नका. मी नकला करत होतो. हेडमास्तरच्या खाकरन्याची, कंडक्टरच्या घंटीची, सरपंचाच्या भाषनाची. कोनाचा आवाज एकदा कानात गेला का दुसऱ्या दिवशी माह्या तोंडातून निघे. आन् पोट्टे हसले का मले जेवन गोड लागे.

त्या वर्षी माही सगळ्यात चालनारी नक्कल एका बापाची होती. तो माह्याच वर्गातल्या एका पोरीचा बाप, घर आमच्या घराले लागून. मागच्या हंगामात तीन दिवस सारखी फवारनी केली आन् चौथ्या दिवशी वावराच्या धुऱ्यावरच, बांधावर, पडला. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातून परत आला तं हात थरथरे, डोळ्याले धुकट दिसे. घरातून निंगाला का भिंतीले हात लावत, पाय चाचपत चाले. मी मधल्या सुट्टीत वर्गाच्या भिंतीले हात लावून तसाच चालो. "कोन हाय? कोन हाय बा तिकडं?" पोट्टे बाकावर लोळत. ती पोरगी समोरच बसेल राहे. ती वही काढून लिवत राहे. मले वाटे, तिले ऐकू कमी येत असन.

तिचा आवाज मोठा मजेशीर होता. फाटका, जाडा, कोंबड्यासारखा. त्याचं बी कारन होतं. बाप पडल्यावर डवरनी, म्हंजे बैलाच्या डवऱ्यानं कपाशीतलं तन काढायचं काम, करायले घरात कोनी नव्हतं, मजूर मिळत नव्हता. आमच्याकडं बाया तन निंदते, कापूस वेचते, औषधासाठी पानी भरते, पन बैल हाकत नाही. हिनं हाकले. दोन बैल, डवरा आन् ही, सकाळी शाळेच्या आधी. सारं गाव बांधावर येऊन पाहून गेलं. "हर्र! हर्र!" असं वरडून वरडून तिचा गळा बसला तो बसलाच. मी तिचं नाव ठेवलं धुरकरीन. धुरकरी म्हंजे बैलगाडी हाकनारा. सारी शाळा तेच म्हने.

मंग मॅडम आल्या. पुन्याच्या कोन्या संस्थेच्या. संगं एक मोठी निळी पेटी. तिच्यात वायरी, चाकं, लहान लहान मोटरी, सोल्डरची कांडी, आन् आवाज ऐकनारा एक तुकडा, काडेपेटीएवढा. शाळेनं त्याईले जुनी खोली देली आन् मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगितलं का हे फक्त मुलींसाठी आहे.

"का बरं?" आमच्यातल्या एकानं विचारलं.

"कारण मुलांनी हात लावला की मुली मागे उभ्या राहतात," मॅडम म्हनल्या. "मी चार गावांत पाहिलंय."

झालं. मले त्या खोलीत जायची काही हौस नव्हती, पन दार बंद झालं आन् मले आत जावंसंच वाटू लागलं. मी खिडकीपाशी उभा राहून मॅडमची नक्कल करो. "मुलींनो, चुकलं तरी चालेल हं! चुका आपल्या मैत्रिणी!" आतल्या पोरी बी हसत. एक सोडून.

मॅडमच्या मनात होतं का पोरींनी गावाच्या कामाचं काही बनवावं. सहा पोरी होत्या. कोनी म्हने पान्याच्या टाकीचा भोंगा, कोनी म्हने डुक्कर हाकलनारा आवाज. ती म्हनाली, "फवाऱ्याचा पंप नेनारी गाडी बनवू. मानूस बांधावर उभा राहीन, गाडी कपाशीच्या दोन वळीमधल्या तासातून जाईन. औषध तिच्या नाकात जाईन, मानसाच्या नाही."

मॅडम खूश. पन हीच पुढं म्हनाली, "गाडी बनवली तं कोनी पाहाले येनार नाही. पोरी खेळून राह्यल्या म्हनन. आधी नंदी बनवू. तान्ह्या पोयात चालवू. सारं गाव तिथं असते. नंदी चालला का मंग त्याच्याच मागं पंप जोडू."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं लेकराईचा पोळा भरते. तान्हा पोळा. लेकरं आपापले लाकडाचे बैल, म्हंजे नंदी, सजवून आनते, तोरनाखाली रांग लागते, मंग घरोघरी नेऊन बोजारा म्हनून दोन-पाच रुपये मागते. आन् मोठ्या पोळ्यासारख्याच झडत्या होते. झडती म्हंजे एकानं उभं राहून चार ओळीत कोनाची तरी टर उडवायची, आन् शेवटी साऱ्या गावानं "हर हर महादेव" गरजायचं. आमच्या गावात चार वर्षांपासून झडतीचं बक्षीस माह्या घरी येत होतं.

सुताराकडून त्याईनं हातभर उंचीचा लाकडाचा नंदी आनला आन् पोट पोखरून घेतलं. बाभुळगावातल्या एका मेकॅनिक चाचानं भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर काढून देली आन् सोल्डर कसं धरायचं ते बी शिकवलं. बॅटरी फवाऱ्याच्या पंपातली. आवाज ऐकनारा तुकडा नंदीच्या कानात. त्याले दोनच शब्द शिकवाचे होते, एक चालायचा, एक थांबायचा. पेटीसंगच्या कागदावर इंग्रजी शब्द होते, पन सहा पोरी ते सहा तऱ्हेनं म्हनत, आन् नंदी ढिम्म. मंग ती म्हनाली, "बैलाले आपन जे म्हनतो तेच म्हनू न." आन् तिनं आपल्या फाटक्या आवाजात शिकवलं. "हर्र" म्हटलं का चालायचं. "हो" म्हटलं का थांबायचं. आठ दिवसात नंदी खोलीभर फिरू लागला.

त्याच आठवड्यात मॅडम तिच्या घरी गेल्या. मी आमच्या ओट्यावर बसून सारं ऐकत होतो. मॅडम म्हनल्या, दहावीनंतर हिले यवतमाळले पॉलिटेक्निकले पाठवा, फीचं संस्था पाहीन, राहायचं बी पाहीन.

"लोक मले म्हनते, पोरीले बैलामागं धाडलं," बाप म्हनाला. "आता म्हनन, मोटरीमागं धाडलं."

"म्हणू देत ना, काका."

"तुमाले सोपं आहे, बाई. तुमी महिन्यानं जासान." मंग तो पोरीकडं वळला, म्हंजे जिकडं ती असन असं वाटलं तिकडं वळला. "तान्ह्या पोयात गावासमोर चालवून दाखव. चाललं, तं धाडतो यवतमायले. मंग कोनी काई म्हनो. नाई चाललं, तं दहावी झाली का घरी बस, आन् मंग हा विषय माह्यासमोर काढाचा नाई."

"चालन, बाबा," ती म्हनाली.

हे सारं मले मालूम होतं. मी म्हनू शकत नाही का मले मालूम नव्हतं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी दुपारी मी खिडकीपाशी गेलतो. पोरी जेवायले गेलत्या, मॅडम हेडमास्तरकडं होत्या. नंदी टेबलाखाली, बटन चालूच राह्यलं होतं, कानापाशी लाल दिवा. मी गजातून तोंड घातलं आन् तिच्या आवाजात म्हटलं, "हर्र!"

नंदी चालू लागला.

मले हसू आवरेना. "हो!" म्हटलं, थांबला. मंग मी आपल्या आवाजात म्हटलं, "हर्र." चालला. तितक्यात मैदानातली चौथीची पोट्टी पोळ्याची तालीम करत आली, "हर हर महादेव!" आन् थांबेल नंदी पुन्हा चालला, सरळ जाऊन भिंतीले डोकं आपटलं, चाकं गरगर.

मी तिथंच बसलो. समजलं. त्याले हर्र आन् हर यातला फरक समजतच नव्हता. पोरींनी त्याले दार लावून, चुपचाप खोलीत शिकवलं होतं. आन् ज्या दिवशी साऱ्या गावाच्या तोंडी एकच शब्द असते, त्याच दिवसासाठी त्याईनं नेमका तोच शब्द ठेवला होता. ही चूक पुन्याचा मानूस करनार नाही, कारन पुन्याचा मानूस बैलाले हर्र म्हननारच नाही. आमचेच लोक करन.

मी घरी गेलो आन् झडती लिवली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारुतीच्या पारापासून ग्रामपंचायतीपर्यंत लोकच लोक. आंब्याच्या पानाचं तोरन. लेकराईचे नंदी, कोनाच्या शिंगाले बेगड, कोनाच्या गळ्यात प्लास्टिकच्या माळा. झडत्या झाल्या. मी मुद्दामच उभा झालो नाही. लोक विचारत होते, "काबे, औंदा गळा बसला का?" मी म्हटलं, "गळा दुसऱ्याचा बसला, माहा चांगला आहे."

साऱ्यात शेवटी मॅडमनं सरपंचाले विनंती केली का आता पाच मिनिट सगळ्यांनी शांत राहावं. सरपंचानं हात वर केला. सारं चुप. पोरींनी नंदी पाराच्या खाली ठेवला. झूल तिच्या आईच्या जुन्या लुगड्याची होती. बाप तोरनापाशी खुर्चीवर, हात मांडीवर दाबून धरलेले, थरथर दिसू नये म्हनून. नंदीनं पारापासून तोरनापर्यंत जायचं आन् बापासमोर थांबायचं, असं ठरलं होतं. बाप जवळचं पाहू शके. म्हनून.

तिनं बटन दाबलं. लाल दिवा लागला. तिनं श्वास घेतला.

मी पारावर उभा झालो.

"लाकडाचा बैल, पोटामंदी तार,
पोरगी झाली धुरकरी, बाप झाला गार!
फवारा मारता मारता डोये गेले वर,
आता यंत्र हाकून राह्यली, हर रे नंदी हर!"

शेवटची ओळ मी तिच्या आवाजात म्हटली. नंदी हालला. गावानं आधी पाह्यलं, मंग हासा उठला, आन् सवयीनं, झडती संपली का जे करायचं तेच केलं. "हर हर महादेव!"

नंदी सुटला. तिनं वरडून म्हटलं, "हो! हो!" पन त्या गर्जनेत कोनाले ऐकू जानार? नंदीच्या कानात हर हर हर. पोट्ट्याईले मजा समजली, ते पुन्हा पुन्हा गरजू लागले. नंदी तोरनाखालून निंगाला, बापाच्या खुर्चीच्या बाजूनं, वितभर अंतरावरून, थांबलाच नाही. ती मागं पळत होती, हो हो करत, खऱ्या बैलामागं पळावं तशी. समोर ग्रामपंचायतीची नाली. नंदी डोक्यावर पडला. एक शिंग तुटलं. चारही चाकं वर, फिरूनच राह्यले, आन् झूल काळ्या पान्यात पसरली.

असा हासा गावात त्या वर्षी दुसऱ्यांदा झाला नाही. लोकाईले हसायची गरजच होती, मी ती पुरवली. एका बुढ्यानं मले पाठीवर थाप मारली.

बापाले कळेना. त्याच्या बाजूनं काही गेलं, एवढं समजलं. तो मान इकडं तिकडं करत विचारत होता, "चाललं का? कोनी सांगा न बा. चाललं का?"

आन् मी, पारावरूनच, त्याच्याच आवाजात, तसाच थरथरत, हवेतच भिंत चाचपत म्हटलं, "चाललं न बा, चाललं! आंघोयीले चाललं!"

पुन्हा हासा. त्यानं आपला आवाज ओळखला. मानूस आपला आवाज ओळखते, हे मले तेव्हा नव्यानं समजलं. तो उठला. पोरगी नालीत गुडघाभर उतरेल होती, नंदीले धरून. तो म्हनाला, "झालं. चाल घरी." एवढंच. मंग हात पुढं करून उभा राह्यला, कोनीतरी धरून नेईन म्हनून. तिनं नंदी काठावर ठेवला, हात लुगड्याच्या झुलीले पुसले, आन् त्याचा हात धरला.

बक्षीस माहंच आलं. स्टीलचा डबा. मायनं तो हातात घेतला, झाकन उघडलं, बंद केलं, आन् त्याच डब्यानं मले हानलं. दोनदा. डब्याले पोचा पडला, तो अजून आहे.

मॅडम दोन वेळा त्या बापाकडं जाऊन आल्या. नाही म्हंजे नाही. त्यानं तोंडानं सांगितलं ते पाळलं, त्याले दोष कसा देनार? पुढच्या जूनमदे माह्या वर्गातले चार पोट्टे यवतमाळले गेले. ती गेली नाही.

पन ते नंतरचं. पोळ्यानंतरच्या रविवारी मॅडमनं मले एकच शिक्षा देली. नंदी उचलून बाभुळगावले चाचाच्या गॅरेजमदे न्यायचा, आन् तिथं सांगतील ते काम करायचं. निळी पेटी सोमवारी दुसऱ्या गावात जानार होती, सारं सामान चालू करून द्यायचं होतं. तिच्या बापानं तेवढ्यापुरतं तिले येऊ देलं होतं.

चाचानं मले पाह्यल्या पाह्यल्या म्हटलं, "आ गया कलाकार! अबे, जीप में बीस साल चली मेरी मोटर, एक दिन पानी नहीं पी. तूने नाली का पिला दिया. बैठ उधर, कुछ छूना मत."

ती खाली बोरीवर बसून नंदीचं पोट उघडत होती. माह्याकडं पाह्यलं नाही. मले वाटलं आता रडन, नाही तं पाना फेकून मारन. दोन्हीची तयारी ठेवून आलतो. तिनं पुसून कोरडी केलेली बॅटरी जोडली, वही काढली आन् विचारलं, "तू कोनता हर म्हटला होता? झडतीतला का महादेवाचा? पहिल्यांदा कोनत्यावर हालला?"

"झडतीतला."

"तिथूनच म्हन. पारावरून म्हटला तसाच. जोरानं."

मी म्हटलं. नंदीचा लाल दिवा लुकलुकला, तुटक्या शिंगाचं डोकं हाललं. तिनं वहीत लिवलं. "आता दूर जा. दारापाशी. म्हन." लिवलं. "आता हळू." लिवलं. "आता हर हर महादेव, पुरा." चाचाले तिनं लोखंडावर हातोडा मारायले सांगितला, आन् त्या ठनठनाटात मले पुन्हा म्हनायले लावलं. वीस-पंचवीस वेळा झालं असन. माहा घसा खरवडून निंगाला. मंग माह्या अंगातलं जे आहे ते गप्प राहेना. मी तिच्या आवाजात म्हटलं, फाटका, कोंबडा. "हर्रऽऽ!" चाचा बी जरा हसला. आन् मी म्हनून गेलो, "मले तं दोन दिवस आधीच मालूम होतं का हे कोनाचंबी ऐकते. खिडकीतून पाह्यलं होतं मी."

तिची पेन्सिल थांबली.

"कवा?"

"पोयाच्या दोन दिवस आधी. दुपारी."

ती उठली नाही. आवाज बी वाढवला नाही. बसल्या जागी, वायरीचं टोक दाताखाली सोलत सोलत बोलली.

"तुले वाटते, मी झडतीसाठी चिडली असन. नाही चिडली. धुरकरीन म्हन, बाबाची नक्कल कर, तुले दुसरं येते तरी काय? हर ठेवला, ही आमची चूक. पोयाच्या दिवशी पोयाचाच शब्द, सहा जनींच्या डोक्यात आलं नाही. दार लावून शिकवलं, बाहेर कसा कल्ला राहते ते पाह्यलंच नाही. ते आमचं आहे, ते मी वहीत लिवून राह्यली, पेटी जाईन तिथल्या पोरींसाठी. पन तुले तं समजलं होतं न बे! साऱ्या गावात एकट्या तुले समजलं, आन् दोन दिवस तू ते दाबून फिरला. येऊन सांगाचं होतं. शिवी देऊन सांगाचं होतं, नक्कल करून सांगाचं होतं, हसून सांगाचं होतं, मी ऐकून घेतलं असतं. शब्द बदलायले काय लागते मालूम आहे तुले? बटन दाबा, नवा शब्द दोनदा म्हना, झालं. पाच मिनिट. तेवढ्यानं मी यवतमायले गेली असती. पाच मिनिटाचं काम होतं, आन् तू बसून कविता लिवली. आता तोंड वासून पाहू नको, सरक तिकडं. उजेड अडवून राह्यला तू."